बाई, साक्षीला माझं रक्त

बाई, परवा तुमच्या शोकसभेत एका सद्गृहस्थांनी तुमचं वर्णन 'अत्यंत शांत आणि मृदू व्यक्तिमत्त्व' असं केलं. तुम्ही असतात तर त्यांच्या कानाखाली वाजवली असती. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते. शेजारच्या बायकांना वाटलं, मंगलला हुंदका आवरत नाहीये. मला हसू आवरत नव्हतं. माझ्या डाव्या भुवईत चार टाक्यांची खूण आहे आणि ती या मृदू व्यक्तिमत्त्वानं फेकलेल्या थर्मासच्या बुडाची आहे.

समोर तुमचा हार घातलेला फोटो होता. केसांत गुलाब, ओठांवर हसू. जो येई तो विचारी, हा केव्हाचा, यांना हसताना आम्ही कधी पाहिलंच नाही. फोटो मी काढलेला आहे, त्यामुळे केव्हाचा ते मला नेमकं माहीत आहे. तुमचं ते हसू माझ्या एका खोटेपणातून आलेलं आहे.

सभेच्या शेवटी एक माणूस बोलायला उठला. तो बोलून बसल्यावर उठायला हवं होतं ते मी. तीस वर्षं स्टेजवर उभी राहणारी बाई मी, त्या दिवशी सतरंजीला चिकटून बसले. म्हणून आता लिहिते आहे. तुमच्या नावावर माझी एक चूक तीन वर्षं पडून आहे, ती उचलायची आहे.

पण आधी तुमच्या शांतपणाचा समाचार घेते.

मी तुमच्याकडे आले तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. सातपूरच्या रस्त्यावर खाली गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान आणि वर तुमच्या दोन खोल्यांची प्रयोगशाळा. खालून तेजाबाचा वास वर यायचा, वरून आपल्या रसायनांचा खाली जायचा, आणि जिन्यात दोघांची मारामारी. मुलाखत म्हणून तुम्ही माझ्या हातात पिपेट दिलं, म्हणालात या नळीत एक थेंब सोड, आणि मी सोडत असताना माझ्या डोक्यामागे स्टीलचा ट्रे जमिनीवर आपटलात. माझा थेंब हलला नाही. आधीच्या तीन मुलींचा म्हणे हलला होता. तुम्ही विचारलंत, घाबरली कशी नाहीस? मी सांगितलं, मी हौशी नाटकांत कामं करते, खाष्ट सासूची, माझ्या डोक्यामागे रोज कुणी ना कुणी काहीतरी आपटत असतं. तुम्ही म्हणालात, इथे सासू मी आहे.

डीएनए म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे, असं मी दडपून सांगितलं होतं. ते खोटं आहे हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं. मग तुम्ही मला तुमच्या भाषेत शिकवलंत. प्रत्येक पेशीत कामगारांची एक वस्ती असते. सगळ्यांनी एकदम बोलायचं नसतं, म्हणून शरीरच काहींच्या तोंडात बोळा कोंबून ठेवतं. बोळा इवलासा, त्याचं नाव मिथाइल. कॅन्सर हा वस्तीत शिरलेला गुंड. तो भलत्यांच्याच तोंडात बोळे कोंबतो, पहारेकऱ्याच्या, दुरुस्ती करणाऱ्याच्या, आणि मग त्याला रान मोकळं. आपलं काम एवढंच की पेशंटच्या गाठीच्या तुकड्यातून डीएनए काढायचा आणि कोणाचं तोंड बंद आहे ते शोधायचं.

"आणि ते विचारून कळत नाही," तुम्ही म्हणालात, "मारून कळतं."

मारणाऱ्याचं नाव बायसल्फाइट. झाकण उघडलं की नाकात काडी पेटवल्यासारखा गंधकाचा वास. पन्नास अंशांच्या गरम पाण्यात, अंधारात, सोळा तास त्याच्या तावडीत डीएनए सोडायचा. पोलिस कोठडीच ती. पुष्कळसा डीएनए तिथेच तुकडे होऊन मरतो. जो उरतो त्यात ज्यांच्या तोंडात बोळा नाही ते मार खाऊन आपलं अक्षर बदलतात. बोळा असलेले बदलत नाहीत, तो बोळाच त्यांना वाचवतो. नंतर पीसीआरच्या मशीनवर त्यांच्या प्रती काढायच्या, जेलच्या पाटीवर पळवायच्या, आणि कुणाची रेघ उमटते ते बघायचं. सगळी गोम त्या सोळा तासांत. मार कमी पडला, तर बोळा नसलेलाही तसाच्या तसा बाहेर येतो, आणि आपण कागदावर लिहून मोकळे होतो की याचं तोंड बंद आहे. तुम्ही बोट नाचवून सांगायचात: अर्धवट मार म्हणजे खोटी साक्ष.

त्या खोल्यांत मारामारीशिवाय काही होतच नव्हतं, बाई. गोठवलेल्या गाठी फोडायला द्रवरूप नायट्रोजन लागायचा. तो आपण जनावरांच्या कृत्रिम रेतन केंद्रातून आणायचो. वळूंच्या वीर्याच्या कांड्या ज्या पिंपात, त्याच पिंपातून आपली बरणी भरून मिळायची, आणि तिथला माणूस मला दर वेळी विचारायचा की गाय कधीची आहे. लोखंडी खलबत्त्यात तो धुराळणारा थंडपणा ओतायचा, त्यात माणसाच्या पोटातला तुकडा टाकायचा आणि तुम्ही दात खाऊन ठेचायचात. घरी गेल्यावर मला आठवडाभर ठेचा करता येत नसे. एकदा तयार किट विकणारा टायवाला तरुण आला. म्हणाला, मॅडम, यात सोळा तासांऐवजी थोडक्यात भागतं. तुम्ही त्याला बत्ता उगारून जिन्यापर्यंत पोचवलंत. त्याचा एक बूट बॅटरीच्या दुकानात सापडला. राग टोकाला गेला की तुमची सटाण्याकडची अहिराणी बाहेर यायची. ती आली की मी पहिल्यांदा काचेची भांडी उचलायची आणि मग स्वतःला.

या सगळ्या दणदणाटात तुमची एक रीत होती, देवपूजेसारखी. पेशंटच्या नळ्यांबरोबर एक नळी आपल्या स्वतःच्या रक्ताची. एका बॅचला तुमचं रक्त, पुढच्या बॅचला माझं. नळीवर नंबर नाही, नाव लिहायचं: 'मंगल', नाहीतर 'बाई'. निरोगी रक्तात आपण शोधत असलेली तोंडं उघडी असतात. तेव्हा पेशंटच्या नळीबरोबर आपलंही रक्त त्या कोठडीत मार खाऊन यायला हवं आणि बदललेलं निघायला हवं. आपल्याच रक्तात बोळ्याची रेघ दिसली, तर मार कमी पडला. मग सगळी बॅच मोरीत. तुम्ही त्या नळीला साक्षीची नळी म्हणायचात. दुसऱ्याच्या मांसाबद्दल बोलायचं तर आधी स्वतःचं रक्त साक्षीला लावावं, असं तुमचं म्हणणं. आणि सुई टोचायचात अशी, की दंडाला आठ दिवस निळं. मी ओरडले की म्हणायचात, नाटक स्टेजवर कर.

आता दशरथकडे येते. तीन वर्षं आपण दोघी त्याच्याकडे आल्यासारखं करून परत फिरायचो.

दशरथ मखमलाबादचा, गुलाब पिकवणारा. काटा रुतला तर झाडाचीच चौकशी करील इतका गरीब माणूस. त्यानं एका सकाळी फुलबाजारातून घरी येऊन बायकोला रिकाम्या क्रेटनं मारलं. पुढच्या आठवड्यात धाकट्या भावाच्या, बबनच्या, मांडीत छाटणीची कात्री खुपसली. मग डोकं तपासलं तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, निघाली तेवढी गाठ काढली, आणि तिचा नखाएवढा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसून आपल्याकडे आला.

अशा गाठींसाठी तेव्हा नव्या गोळ्या आल्या होत्या. त्या गाठीचा डीएनए फोडतात. पण गाठीत एक दुरुस्ती करणारा असतो, तो फोडलेलं पुन्हा सांधत बसतो. त्याच्या तोंडात बोळा असेल तर गोळ्यांना चांगला वाव. नसेल तर गोळ्यांतून फारसं काही हाती लागत नाही, ओकाऱ्या मात्र पुरेपूर. म्हणजे या एका तपासणीत 'तोंड बंद आहे' ही आनंदाची बातमी होती, आणि दशरथचे डॉक्टर तिच्यासाठी थांबले होते.

बबन रोज यायचा. लंगडत जिना चढायचा आणि वरच्या पायरीवर बसून राहायचा. एकदा तो तुम्हाला म्हणाला, "मॅडम, माझा भाऊ असा नाय. ही गाठ मारती, तो नाय मारत. तेवढं रिपोर्टात लिहा."

तुम्ही त्याला झाडणार म्हणून मी कानांवर हात घ्यायच्या बेतात होते. तुम्ही म्हणालात, "ते लिहायला आमच्या कागदावर जागा नाही रे. पण मी ऐकलंय."

बॅच लावायची त्या रविवारी तुम्ही सटाण्याला होतात, आईच्या वर्षश्राद्धाला. सकाळी सहाला मी नळ्या पाण्यात सोडल्या. दशरथची नळी, आणि साक्षीला पाळी माझी होती म्हणून 'मंगल'. दुपारी बारा ते चार वीज जाणार होती, ते तर वर्तमानपत्रात छापून आलेलं. त्यावर आपली ठरलेली युक्ती होती: रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास, त्यात पन्नास अंशांचं पाणी, त्यात नळ्या, वर शाल. दर वीस मिनिटांनी थर्मामीटर घालायचा, स्टोव्हवरचं कढत पाणी पळीपळीनं ओतायचं आणि वहीत आकडा लिहायचा. चार तास स्टुलावरून उठायचं नाही.

साडेबाराला माझी तालीम होती. शुक्रवारी नाटकांच्या स्पर्धेत आमचा प्रयोग होता आणि शेवटच्या अंकात सासू सुनेचा गळा दाबते तो प्रसंग काही केल्या बसत नव्हता. मी म्हटलं, थर्मास आहे, शाल आहे, तासाभरात येते. बाई, त्या दुपारी मी सुनेचा गळा पाच वेळा दाबला. पाचव्या वेळी तिनं खरंच डोळे पांढरे केले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परत आले तेव्हा पावणेचार झाले होते. पाण्यात बोट घातलं. तान्ह्या बाळाला आंघोळ घालता आली असती इतपत कोमट.

वहीत बारा ओळी रिकाम्या होत्या. मी खाली बसले आणि एका दमात बारा वेळा पन्नास लिहिलं.

मंगळवारी जेल दिव्याखाली धरलं, त्यावर प्रत्येक नळीचं एक घर. दशरथच्या घरात बोळ्याची रेघ, ठळक. आणि शेजारी 'मंगल'च्या घरात तशीच एक रेघ, फिकट, पण होती. माझं रक्त त्या निळ्या उजेडात पुढे येऊन सांगत होतं की मार कमी पडला. तुम्ही असतात तर बॅच मोरीत गेली असती. तुम्ही बुधवारी रात्री येणार होतात.

पुढे जे केलं ते कुणालाही सांगितलेलं नाही, आता सगळ्यांना सांगते. फ्रीजरमध्ये आधीच्या बॅचची तुमची नळी शिल्लक होती, व्यवस्थित मार खाल्लेली. बुधवारी मी पीसीआर पुन्हा लावला. दशरथचं तेच ठेवलं आणि साक्षीच्या जागी तुमचं घातलं. साक्षीचं घर स्वच्छ आलं. जेलचा फोटो काढला आणि त्यावर लिहिलं 'मंगल'. मनाची समजूत अशी घातली की दशरथची रेघ किती ठळक आहे, ती खरीच असणार. शुक्रवारच्या प्रयोगाचं कारण होतं, पायरीवर बसलेल्या बबनचं कारण होतं, मेणाच्या ठोकळ्यात तुकडा थोडाच उरलाय हेही कारण होतं. ही सगळी मी नंतर गोळा केली. त्या घटकेला एकच कारण होतं: मला तुमच्या हातचा मार नको होता.

गुरुवारी तुम्ही फोटो पाहिलात आणि सही केलीत. बबनला तुम्ही स्वतः सांगितलंत. तो लंगडत निघून गेला आणि संध्याकाळी गुलाबांची टोपली घेऊन आला. तुम्ही त्यातला एक उचलून केसांत खोवलात. मी म्हटलं, बाई, हसा ना एकदा. आणि तुम्ही हसलात. परवाच्या हाराखालचा फोटो तो.

शुक्रवारी मला अभिनयाचं बक्षीस मिळालं.

आठ दिवस मखमलाबादला दिवाळी होती. नवव्या दिवशी, गोळ्या सुरू व्हायच्या तोंडावर, तुम्ही पुढच्या बॅचसाठी फ्रीजर उघडलात. "माझी नळी अर्धी कशी?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, सांडली असेल. तुम्ही वही मागितलीत. त्या बारा ओळींवरून तुमचं बोट खाली खाली आलं. पन्नास, पन्नास, पन्नास. थर्मास इतका सरळ नसतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

मी माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम त्या वेळी केलं. रडले, छाती पिटली, माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेते म्हणाले. मुलगा शाळेत होता, म्हणून हात हवेतच ठेवला. तुम्ही पूर्ण अंक शांतपणे पाहिलात. मग म्हणालात, "तुन्हं डोकं फिरी गयं का?" आणि अहिराणी आली आहे हे माझ्या लक्षात येईपर्यंत थर्मास आला.

भुवई फुटली. रक्त डोळ्यात गेलं. मीही मग तुमची वेणी धरली, ते तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, मी सांगते. जेलची टाकी फुटली, खारट पाणी पायांवर आलं, काचांवरून आपण दोघी फरपटलो. खालचा बॅटरीवाला धावत वर आला आणि दारातूनच परत गेला. तुम्ही माझं डोकं टेबलाला टेकवून धरलंत आणि माझ्या कानाशी अगदी हळू म्हणालात, "तुझं रक्त खरं बोललं होतं, मंगल. तू त्याच्या तोंडात बोळा कोंबलास."

बाई, टाके बुजले. हे नाही बुजलं.

मला दवाखान्यात तुम्हीच नेलंत. टाके घालताना डॉक्टरला तुम्हीच ओरडलात, बारीक दोरा वापरा, ती स्टेजवर काम करते. दशरथच्या डॉक्टरांना फोन करून गोळ्या थांबवायला सांगितलंत. परत येऊन मेणाचा ठोकळा काढलात, उरलेला सगळा तुकडा वापरलात, स्वतःचं रक्त साक्षीला लावलंत, आणि दुसऱ्या दिवशी सोळा तास त्या पाण्यासमोर बसलात. वीज गेली तेव्हा चार तास हातात पळी. मला जवळ येऊ दिलं नाहीत. मी दारात पट्टी बांधून उभी.

दशरथच्या घरात बोळ्याची रेघ नव्हती. दुरुस्ती करणाऱ्याचं तोंड उघडं होतं.

बबनला तुम्ही बोलावलंत. मी म्हटलं, फोनवर सांगा. तुम्ही म्हणालात, गुलाब समोर घेतले, हे फोनवर कसं सांगू? तो आला. त्याच्या हातात त्या दिवशीही फुलं होती. तुम्ही उभ्या राहून त्याला सगळं सांगितलंत. आधीचा रिपोर्ट चुकीचा, हा खरा, गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. त्यानं फुलं टेबलावर ठेवली. मग त्यानं विचारलं, "कुणाच्या हातून झालं?"

मी दाराआड होते. तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. म्हणालात, "माझ्या."

त्यानं कोपऱ्यातलं लाकडी स्टूल उचललं. थर्मासशेजारी बसायचं तेच. तुम्ही हात आडवा घातलात, उजवा. हाड मोडल्याचा आवाज मी नाटकात पुष्कळदा ऐकलाय, पडद्यामागे आम्ही वाळका बोरू मोडतो. खरा आवाज त्याहून लहान असतो. तुम्ही, बत्ता उगारणाऱ्या बाई तुम्ही, डावा हात मोकळा असून उगारला नाहीत. तेवढ्यात त्याला दाराआडची मी दिसले, डोळ्यावर पट्टी बांधलेली.

"आन हिला कुणी मारलं?"

"तिलाही मीच," तुम्ही म्हणालात.

हे ऐकून तो इतका गोंधळला की स्टूल ठेवून खाली बसला आणि रडायला लागला. मला त्या क्षणी हसू आलं, बाई. देव मला क्षमा करो, हसू आलं. तुमचा पंजा उलटा लोंबत होता आणि तुम्ही एका वाक्यात पूर्ण सत्य आणि पूर्ण खोटं सांगून बसला होतात.

दशरथला डॉक्टरांनी नुसता किरणांचा शेक दिला. तो गुलाबांच्या पुढच्या बहरापर्यंत राहिला आणि शेवटचे महिने पुन्हा पहिल्यासारखा गरीब झाला होता, असं ऐकलं. यावर आपलं भांडण तीन वर्षं चाललं आणि तसंच राहिलं. मी म्हणायची, त्या आठ दिवसांत त्या घरानं सुख तरी पाहिलं. तुम्ही हातात असेल ते फेकायचात आणि म्हणायचात, नवव्या दिवशी तू नव्हतीस सांगायला. मी पुढच्या महिन्यात भांडण परत काढायची.

दुसरं भांडण, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत. एकदाच उत्तर दिलंत, तेही पाठमोरं. "सही माझी होती." मी म्हटलं, पण हात माझा होता. तुमचं मनगट कधी सरळ बसलं नाही. उजव्या हातात पिपेट धरलं की थेंब हलायचा, मुलाखतीला आलेल्या त्या तीन मुलींसारखा. मग थेंब सोडायचं काम माझ्याकडे आलं. मला काढून टाकायचं सोडून तुम्ही मला तुमचा हात केलंत. पण त्या दिवसापासून साक्षीला माझं रक्त घेतलं नाहीत. प्रत्येक बॅचला तुमचंच. डाव्या हातानं सुई धरून, दोनदोनदा चुकून. मी दंड पुढे करायची, तुम्ही ट्रे आपटायचात.

शोकसभेत शेवटी उठला तो बबन. केस पांढरे झालेत. म्हणाला, "मी ह्यांचा हात मोडला. चूक ह्यांची होती, पण ह्यांनी पोलिसांत दिलं नाय, उलटून हात उचलला नाय. लय शांत बाई. चूक कोणाकडून होत नाय?" सगळ्या सभेनं माना हलवल्या. चूक कोणाकडून होत नाही. आणि मी सतरंजीचे दोरे उपसत बसले.

काल इथपर्यंत लिहिलेलं घेऊन मी मखमलाबादला गेले. बबन शेडमध्ये फुलं बांधत होता. त्याला मी उभ्यानं वाचून दाखवलं, न रडता, न आवाज चढवता. माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट काम. 'वहीत बारा वेळा पन्नास लिहिलं' इथे तो उठला. भरलेला क्रेट त्यानं माझ्या डोक्याशेजारच्या खांबावर आपटला. लाकडाच्या चिरफाळ्या झाल्या, गुलाब माझ्या अंगावर पडले, गालावर काटा ओढला गेला. मी हलले नाही. म्हटलं, आता स्टूल येईल, येऊ दे.

"मग मी मारलं कुणाला?" तो म्हणाला.

मला मारलं असतं तर सोपं झालं असतं, बाई. मी त्याला तुमचं नाव सांगितलं. एवढंच सांगण्यासारखं होतं. तो परत फुलं बांधायला बसला. मी खालचे गुलाब गोळा करून त्याच्यासमोर ठेवले आणि निघाले.

फ्रीजरमधली तुमची शेवटची नळी मागच्या बॅचला संपली. आज सकाळी सहाला पाच पेशंटच्या नळ्या लावल्या. साक्षीसाठी सुई माझी मीच टोचून घेतली, दोनदा चुकले, दंड आत्ताच निळा पडायला लागलाय. नळीवर 'मंगल' लिहिलं. तुम्ही आत्ता ट्रे आपटला नाहीत, याचा अर्थ मी मला हवा तसा घेते आहे.

बारा वाजता वीज गेली. मी त्याच स्टुलावर बसले आहे, पोचा पडलेला थर्मास मांडीवर, स्टोव्ह उजवीकडे, वही डावीकडे, आणि वहीखाली हा कागद. जुन्या वहीतल्या त्या बारा ओळी तुम्ही फाडल्या नाहीत, मीही फाडणार नाही. नवीन पान काढलंय.

बारा वीस, पन्नास. बारा चाळीस, अठ्ठेचाळीस, पाणी घातलं. एक वाजता, एक्कावन्न, झाकण जरा उघडलं. एक वीस, एकोणपन्नास.